आधी अंतर, मग बाण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या बोलण्याला निमित्त एका पत्राचं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी दादांनी लिहिलंय. त्यांच्या दोन एकर हरभऱ्यात रानडुकरं शिरतात आणि एका रात्रीत वावर उकरून टाकतात. राखण करून घरातली सगळी माणसं थकली. मुलगा बारावीला आहे. मोबाईलवर परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून तो म्हणतो, 'आपण चांगलं धनुष्य मागवू, सोबत अंतर सांगणारी दुर्बीण मागवू आणि रात्री माळ्यावर बसू.' दादांनी विचारलंय, 'गुरुजी, तुम्ही मुलांना तिरंदाजी शिकवली. ही अंतराची दुर्बीण कोणती घ्यावी?'

पत्र साधं आहे, पण त्यात दोन प्रश्न आहेत. एक दादांनी विचारलाय, दुसरा विचारलेला नाही. न विचारलेल्याचं उत्तर आधी देतो.

दादा, रानडुकरावर बाण सोडता येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात नुसतं मारणं म्हणजेच शिकार नाही. जखमी करणं, फास लावणं, इतकंच काय, मारण्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या बाबतीत वन खात्याकडे अर्ज करून परवानगीची वाट आहे, पण ती लेखी असते, अटींची असते. माळ्यावर बसून बारावीच्या पोराने बाण मारायचा, असा तिचा अर्थ नाही. अमेरिकेत धनुष्याने शिकार चालते, युरोपातल्या काही देशांतही चालते. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र बंदुकीने शिकार चालते आणि धनुष्याने चालत नाही. बंदूक चालते आणि बाण चालत नाही, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. त्यामागचा मोठा आक्षेप जखमेचा आहे. बाण नेमक्या जागी लागला नाही, तर जनावर मरत नाही, तडफडत राहतं.

आता दुसरा प्रश्न, अंतराच्या दुर्बिणीचा. तिला इंग्रजीत रेंजफाइंडर म्हणतात, आपणही तेच म्हणू. या यंत्राची माहिती घेण्यासारखी आहे. शिकार करायची नसली तरी तिरंदाजाला, वनरक्षकाला, मैदान आखणाऱ्या शिक्षकाला त्याचं काम पडतं. आणि त्या मुलाचं मन धनुष्यात गुंतलंच असेल, तर ते खेळाकडे वळवायला यापेक्षा चांगली संधी नाही.

मंडळी, एक करून बघा. उद्या शेतात गेलात की धुऱ्यावर उभं राहून समोरच्या बाभळीपर्यंत किती मीटर असतील, ते मनात ठरवा. घरच्या सगळ्यांना विचारा. मग टेप लावून मोजा. मी हा खेळ शाळेतल्या मुलांबरोबर कितीतरी वेळा खेळलोय. एका झाडाला कुणी तीस म्हणतं, कुणी पन्नास म्हणतं. गंमत म्हणजे प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

डोळा फसतो, आणि त्याची फसायची पद्धत ठरलेली आहे. लख्ख उन्हात, उघड्या माळावर वस्तू जवळ वाटते. सावलीत, झाडीच्या बोळातून पाहिली की तीच लांब वाटते. मध्ये ओढा किंवा खोलगट जागा असली आणि तिचा तळ दिसत नसला, की पलीकडचा काठ जवळ आल्यासारखा वाटतो. मोठं जनावर जवळ वाटतं, त्याचं पिल्लू त्याच जागी उभं असलं तरी लांब वाटतं. संध्याकाळी तर सगळाच गोंधळ. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं आपण उगाच म्हणत नाही.

जुन्या काळी तोफखान्यालाही हीच अडचण होती. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूख मैदान तोफ 1632 मध्ये विजापूरला नेली. ती आजही तिथल्या बुरुजावर आहे. एवढी अवाढव्य तोफ, पण गोलंदाजाला अंतराचा अंदाज आला नाही तर गोळा एक तर अलीकडे पडणार, नाही तर डोक्यावरून जाणार. तोफेचं हे दुखणं बाणालाही आहे.

ते कसं, ते सांगतो. बंदुकीची गोळी सेकंदाला सात-आठशे मीटर जाते. आजच्या चांगल्या कंपाउंड धनुष्याचा, म्हणजे चाकं आणि तारा असलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 85 मीटर जातो. साध्या धनुष्याचा पन्नासच्या आसपास. सुटल्या क्षणापासून बाण खाली पडायला लागतो, म्हणून तो थोडा वर धरूनच सोडावा लागतो. किती वर, हे अंतरावर ठरतं.

समजा, तुम्ही 30 मीटर धरून नेम लावला आणि लक्ष्य प्रत्यक्षात 35 मीटरवर आहे. कंपाउंड धनुष्याचा बाण सुमारे 12 सेंटीमीटर खाली लागेल. म्हणजे साधारण अर्धी वीत. साध्या धनुष्याचा असेल तर 34 सेंटीमीटर, म्हणजे हातभराला थोडं कमी. चूक पाचच मीटरची, आणि तुमचा हात दगडासारखा स्थिर असला तरी नेम चुकला. कागदाच्या लक्ष्यावर यात चार गुण जातील. जिवंत जनावर असेल तर छातीऐवजी बाण पायात बसेल. ब्रिटन, जर्मनीतला जखमेचा आक्षेप इथे समजतो.

आपल्याकडच्या तिरंदाजीच्या स्पर्धांत अंतर आधीच मोजलेलं असतं. रिकर्व्ह धनुष्याला 70 मीटर, कंपाउंडला 50 मीटर. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. त्या दोघांना समोरचं लक्ष्य 50 मीटरवर आहे, हे ठाऊक होतं. पण तिरंदाजीचा दुसरा एक प्रकार आहे, फील्ड आर्चरी. त्यात डोंगरदऱ्यांतून चालत एकेक लक्ष्य गाठायचं. त्यातल्या काही लक्ष्यांचं अंतर सांगितलेलं नसतं. मोठ्या गटाला ते 10 ते 55 मीटरमध्ये कुठेही असू शकतं, आणि तिथे रेंजफाइंडर वापरायला बंदी असते. डोळ्याने ओळखा आणि मारा. तिसरा प्रकार रबरी प्राण्यांवर नेम धरायचा. शिकारीची सगळी ओढ त्यात आहे, फक्त जीव कुणाचा जात नाही. अशा खेळाडूला सरावात रेंजफाइंडर फार उपयोगी पडतो. आधी अंदाज करायचा, मग यंत्राने पडताळायचा. महिनाभरात डोळा सुधारतो.

आता हे यंत्र चालतं कसं? मुठीत मावेल एवढी एकडोळी दुर्बीण. बटण दाबलं की तिच्यातून लेसरचा, डोळ्यांना न दिसणारा किरण सुटतो. समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढलं जातं. प्रकाश एका सेकंदात सुमारे 30 कोटी मीटर जातो. 30 मीटरवरच्या झाडापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. एवढासा वेळ मोजणारं घड्याळ त्या डबीत बसवलेलं असतं.

बुशनेल, ल्युपोल्ड, निकॉन, व्होर्टेक्स अशा बऱ्याच कंपन्या रेंजफाइंडर बनवतात. स्वस्तातले बिननावाचेही पुष्कळ मिळतात. मी एका कंपनीचं नाव पुढे करणार नाही. काय बघायचं, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. हजार यार्ड, दीड हजार यार्ड असं लिहिलेलं असतं. तो आकडा चकचकीत, प्रकाश परत फेकणाऱ्या पाटीसाठी असतो. झाडासाठी तो कमी होतो, जनावराच्या केसाळ अंगासाठी आणखी कमी. पण बाणाच्या कामाला 60 मीटरच्या पुढे तसंही जायचं नाही. तेव्हा लांब पल्ल्याचे जादा पैसे कशाला मोजायचे? त्यापेक्षा 10 ते 60 मीटरमध्ये यंत्र किती अचूक आहे, ते बघा. एक मीटरची चूक चालवून घेणारं यंत्र आणि अर्ध्या मीटरच्या आत राहणारं यंत्र, यात दुसरं घ्या. दशांशात आकडा दाखवत असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट, मीटर की यार्ड. ही मी स्वतः सोसलेली आहे. एकदा उसना आणलेला रेंजफाइंडर घेऊन मुलांसाठी 50 चं अंतर आखलं. संध्याकाळभर बाण वर लागत होते. मी साईट बदलतोय, मुलांच्या खांद्यांना दोष देतोय, एका पोरीला तर रागावलोसुद्धा. शेवटी टेप आणला. अंतर भरलं 45 मीटर आणि 70 सेंटीमीटर. यंत्र यार्डावर लावलेलं होतं. एक यार्ड म्हणजे मीटरला साडेआठ सेंटीमीटर कमी. पन्नासात सव्वाचार मीटरचा फरक पडला. त्या पोरीची मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हा यंत्र हातात घेतल्यावर आकड्याच्या शेजारी कोणतं अक्षर आहे, ते आधी वाचा.

तिसरी गोष्ट, गवत आणि फांद्या. गोल्फच्या खेळासाठी बनवलेले रेंजफाइंडर बाजारात पुष्कळ असतात. गोल्फमध्ये झेंडा पुढे आणि झाडं मागे, म्हणून ते यंत्र सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर सांगतं. आपल्या माळावर हे उलटं पडतं. पुढे कुसळीचं गवत, बोरीच्या फांद्या, आणि लक्ष्य त्यांच्या मागे. गोल्फचं यंत्र 12 मीटरवरच्या काडीचं अंतर सांगून मोकळं होतं. रानात वापरायच्या यंत्रात मागच्या वस्तूला धरणारी सोय असते. ती आहे का, विचारा.

चौथी गोष्ट चढ-उताराची. ही आपल्या बालाघाटाच्या मुलखात फार महत्त्वाची. येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेलेल्यांनी तो घाट पाहिलाय. समजा, तुम्ही वर कड्यावर आहात आणि लक्ष्य खाली दरीत, 30 अंशांच्या उतारावर. यंत्र सांगतं 30 मीटर. पण बाणाला खाली ओढणारी ताकद सरळ खाली काम करते, त्यामुळे नेमासाठी आडवं अंतर धरायचं, आणि ते भरतं 26 मीटर. तुम्ही 30 धरून मारलंत तर बाण वरून जाईल. चढावर मारतानाही तसंच. चांगल्या यंत्रात कोन मोजून हे आडवं अंतर सांगायची सोय असते. बुशनेलवाले तिला एआरसी म्हणतात, ल्युपोल्डवाले टीबीआर. नाव काहीही असो, सपाट मैदानावरच्या खेळाडूला तिची गरज नाही, घाटात आणि माळ्यावर आहे. उतार 15 अंशांच्या आत असला तर 30 मीटरमागे एक मीटरचाच फरक पडतो, हेही लक्षात ठेवा.

पाचवी गोष्ट उजेडाची. सकाळ-संध्याकाळच्या झुंजूमुंजू वेळेला काळे आकडे काळ्या झाडीवर दिसत नाहीत. लाल, उजळणारे आकडे असलेलं यंत्र तेव्हा कामाला येतं. वस्तू किती पट मोठी दिसते, याची हाव धरू नका. चार ते सहा पट पुरे. त्याहून जास्त मोठं केलं की हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो.

बाकी लहानसहान. पाण्या-धुळीपासून बचाव आहे का? बॅटरी आपल्या गावात मिळते का, की दर वेळी पुण्याहून मागवायची? यंत्र उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागे ठेवू नका. माणसाच्या डोळ्यांवर किरण रोखू नका. आणि विकत घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत परीक्षा घ्या. टेपने 20, 30, 40 आणि 50 मीटरवर खुणा करा. प्रत्येक ठिकाणी दहा वेळा बटण दाबा आणि आकडे वहीत लिहा. भिंतीवर एकदा, झाडावर एकदा, गवताआडच्या पोत्यावर एकदा. दहापैकी दहा वेळा जवळपास तेच उत्तर आलं तर यंत्र ठेवा. दोन वेळा भलतंच आलं तर परत करा.

श्रोतेहो, आता सांगतो ते शिकारीचं नाही, तरी याच यंत्राचं आणि आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 2024 च्या डिसेंबरात येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आपलं अभयारण्य. माकडं, हरणं, फार तर बिबट्या, एवढीच त्याची ओळख. हा वाघ आला होता यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून, सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर चालून. धाराशिव आणि बार्शी भागात गुरं मारली गेली, शेतात जायला माणसं घाबरू लागली. त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं, बाहेरून तज्ज्ञ पथकं आली. 2025 च्या सुरुवातीला कितीतरी दिवस वाघाने त्यांना हुलकावणी दिली.

त्या काळात लोक चिडून म्हणायचे, 'एवढी माणसं, एवढ्या बंदुका, आणि एक वाघ सापडत नाही?' मला वाटतं, त्यांना त्या बंदुकीचं काम कुणी सांगितलं नव्हतं. भुलीची बंदूक ही नावाचीच बंदूक. तिच्यातून सुटते ती औषध भरलेली सुई, तिच्या शेपटाला गोंडा. वेगाच्या बाबतीत ती गोळीपेक्षा बाणाच्या जवळची. तीसेक मीटरच्या पुढे तिचा भरवसा झपाट्याने कमी होतो, वाऱ्याने ती ढळते. म्हणजे आधी तेवढं जवळ जायला हवं.

आणि इथे अंतराची चूक दुहेरी महागात पडते. या बंदुकीत गॅसचा दाब अंतराप्रमाणे लावतात. लांब समजून दाब जास्त लावला आणि वाघ जवळ निघाला, तर सुई खोल घुसते, हाडाला इजा करू शकते. जवळ समजून दाब कमी लावला, तर सुई पोचत नाही, किंवा लागूनही औषध नीट जात नाही. म्हणून सुई सोडणारा माणूस आधी रेंजफाइंडर डोळ्याला लावतो, मग दाब ठरवतो, मग मांडीचा किंवा खांद्याचा मांसल भाग शोधतो. तेवढ्यात वाघ दोन पावलं सरकला, गवत आडवं आलं, अंधार पडला, की सगळं पहिल्यापासून. सुई लागली तरी भूल चढायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात तो कुठे जाईल याचा विचार आधीच करावा लागतो. दरीच्या काठावर असला, पाण्याजवळ असला, तर समोर दिसत असूनही सुई सोडत नाहीत.

म्हणजे ज्यांच्याजवळ परवानगी आहे, अनुभव आहे, उत्तम यंत्र आहे, तीच माणसं जास्त वेळा बंदूक खाली ठेवतात. माझ्या मुलांना मी हेच सांगत आलो. रेंजफाइंडर तुम्हाला अंतर सांगेल. ते आपल्या टप्प्यात आहे की नाही, हे तुम्ही सरावातून शिकायचं. दहा बाणांपैकी दहा बाण ताटाएवढ्या जागेत ज्या अंतरावर बसतात, तो तुमचा टप्पा. त्याच्या पलीकडे आकडा कितीही अचूक कळला तरी बाण भात्यात ठेवायचा.

तर दादा, आता तुमच्या घराकडे वळतो. हरभऱ्यासाठी वन विभागाला कळवा. 1926 या क्रमांकावर त्यांची मदतवाहिनी आहे. नासाडी झाली की लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. जमल्यास चार शेजाऱ्यांनी मिळून सौर कुंपणाचा विचार करा. फक्त एक हात जोडून सांगतो, विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडू नका. त्याने डुकराआधी माणूस जातो. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण वाचतोच.

आणि मुलाला रागावू नका. त्याला धनुष्याची ओढ आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. आधी त्याच्या हातात एक 50 मीटरचा टेप द्या आणि चार खुंट्या. वावरात खुंट्या ठोकू दे, डोळ्याने अंदाज करू दे, वहीत लिहू दे. जवळपास तिरंदाजी शिकवणारं कुणी असेल तर त्याच्याकडे पाठवा. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर खेळतात, त्याला इंडियन राउंड म्हणतात. तिथून सुरुवात करायला मोठा खर्च लागत नाही. वर्षभर हे सगळं नेटाने केलं आणि तरीही त्याला रेंजफाइंडर हवासा वाटला, तर मला पुन्हा पत्र लिहा. आपण मिळून एक निवडू, आणि पहिल्यांदा तो मीटरवर लावून घेऊ.

नमस्कार.